भेग भरणारा चुना

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने निघालं की पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग लागतं. तिथे बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, दगड-चुन्याचा बंधारा उभा राहिला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. आजही पावसाळ्यात नर-मादी धबधबे त्यावरून कोसळतात. स्वतःची भेग स्वतः भरणाऱ्या काँक्रीटचं कूळ शोधायचं तर या चुन्यापासूनच सुरुवात करायला हवी.

'चुना' हा शब्द संस्कृत 'चूर्ण' या शब्दावरून आला. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी पडलं की तो तापतो, उकलतो आणि त्याचं पीठ होतं. मग वाळूसोबत बैलाने फिरवलेल्या चुन्याच्या घाणीत तो मळायचा. भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो सावकाश पुन्हा चुनखडी होतो. बारीक भेग पडली, तर झिरपणारं पाणी उरलेला चुना विरघळवतं आणि भेगेत पांढरी रेघ धरते. रोमन काँक्रीटमधल्या पांढऱ्या खड्यांनीही हेच काम केलं, असं 2023 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं.

1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. पुढे सिमेंटच्या वेगापुढे घाण्या थांबल्या. 2006 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये संशोधक हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू आणि त्यांचं खाद्य, कॅल्शियम लॅक्टेट, मिसळायला घेतलं. भेगेत पाणी शिरलं की बीजाणू जागे होतात, खाद्य पचवतात आणि चुनखडी तयार होते. पाऊण मिलिमीटरपर्यंतची भेग अशी बुजते.

तरीही असं काँक्रीट वापरायला साइटवरचा इंजिनिअर बिचकतो, आणि त्याचं बिचकणं मला समजतं. काँक्रीटसाठीच्या आपल्या आयएस 456 या मानकात भेगेची सर्वसाधारण मर्यादा 0.3 मिलिमीटर आहे. तेवढी पाळली की त्याची जबाबदारी संपते. महाग माल टेंडरमध्ये बसत नाही. कंत्राटदाराची हमी काही वर्षांची, भेग बुजल्याचा फायदा मात्र पुढच्या पिढीचा.

म्हणून सुरुवात पाण्याच्या टाक्या आणि कालव्यांच्या अस्तरापासून व्हावी. तिथे जिवाणूंना लागणारं पाणी आहे, आणि गळतीचा खर्चही तिथेच दिसतो. टेंडरमध्ये बांधणीच्या दरासोबत तीस वर्षांच्या दुरुस्तीचा हिशेब मांडला, तर ही चुनखडी महाग वाटणार नाही.