तिसरा कॉर्नेट कोणी वाजवायचा?



मागच्या आषाढात आमच्या भजनी मंडळात रुसवाफुगवी झाली. आमच्यातली एकजण नऊ वर्षं टाळ धरते. एका संध्याकाळी तिनं सरळ विचारलं, "मी अभंग कधी सांगायचा?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. पेटी जिच्या घरची, ती पुढे बसते आणि तीच अभंग सांगते, हे आपलं चालत आलेलं. पुढच्या दोन एकादशींना ती आलीच नाही. मग आम्ही शोधायला लागलो, हौशी माणसं एकत्र वाजवतात तेव्हा कोणी काय वाजवायचं ते कसं ठरवतात? उत्तर सापडलं वरातीच्या बँडमधून.

वरातीत वाजणारी ती पितळी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आपल्याकडे आली. पण तिकडे इंग्लंडात ती फक्त शिपायांच्या हातात नव्हती. उत्तरेकडच्या गिरण्यांतले आणि कोळशाच्या खाणींतले मजूर काम सुटल्यावर हौसेनं ती वाजवत. १८४० च्या दशकात तीन खटक्यांची, शिकायला सोपी पितळी वाद्यं तिथे पसरली आणि गावोगाव बँड उभे राहिले. १८५३ साली मँचेस्टरजवळच्या बेल व्ह्यू बागेत स्पर्धा झाली. आठ बँड उतरले आणि ऐकायला सोळा हजार माणसं आली. पहिला नंबर मॉसली गावच्या दारूबंदीवाल्या बँडनं पटकावला. दारूबंदीसाठी आपण जे केलं ते आठवून आम्हाला हसू आलं!

आता त्या बँडची बैठक ऐका. पुढे साधारण पंचवीस वादक बसतात. त्यांत कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं वाद्य, बरेच. त्यांतले चार मुख्य, ते गाण्याची चाल वाजवतात. एक अधलामधला, दोन दुसरे आणि दोन तिसरे. तिसऱ्याच्या वाट्याला खालचे सूर, बरेचदा तोच तो सूर पुन्हा पुन्हा. मधल्या आवाजाच्या हॉर्नवाल्यांची तर आणखी कठीण गत. कूच वाजवताना ठेका मोठ्या बाजांचा, आणि दोन ठेक्यांच्या मधली रिकामी जागा भरायची यांनी. चाल हाताला क्वचितच लागायची. पण ते थांबले तर चालणाऱ्यांचे पाय चुकणार.

या सगळ्यात दोन गोष्टी आम्हाला फार शहाणपणाच्या वाटल्या. एक म्हणजे वाद्यं घरची नसत, बँडची असत. कुठे वर्गणीतून घेतलेली, कुठे गिरणीमालकानं दिलेली. यॉर्कशरमध्ये क्वीन्सबरीच्या ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ साली फॉस्टर या मालकानं असाच उभा केला. दुसरी गोष्ट अशी, की जवळजवळ सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकाच पद्धतीनं लिहिलेली आणि खटक्यांवरची बोटंही तीच. त्यामुळे आज कॉर्नेट वाजवणारा उद्या हॉर्न किंवा मोठा बाजा उचलू शकतो. कोणी आजारी पडलं तर दुसरा जागेवर बसतो. शिवाय कित्येक कूच-धुनांमध्ये एक कडवं असं असतं, की चाल खालच्या मोठ्या बाजांकडे जाते आणि पुढचे कॉर्नेट मागून साथ करतात. न्याय गाण्यातच लिहून ठेवलेला!

म्हणून सगळं गोड होतं असं मात्र नाही. बक्षिसाची चव लागली की पुढची जागा ठरलेल्यांनाच मिळे. स्पर्धेपुरते दुसऱ्या बँडचे तरबेज वादक उसने आणायची खोडही जडली. आपला तिसरा कॉर्नेटवाला वर्षभर सराव करणार आणि ऐन दिवशी त्याला बाजूला बसवणार. त्यावरून इतके वाद झाले, की पुढे वादकांची नावनोंदणी करायचे नियम करावे लागले.

आणि बायका? फार काळ या बँडमध्ये त्या जवळजवळ नव्हत्याच. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, खुर्च्या रिकाम्या पडल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलींना आत घेतलं. ग्रेसी कोल ही १९२४ साली जन्मलेली मुलगी खाणकामगारांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायची. अलेक्झांडर ओवेन या जुन्या बँडमास्तरांच्या नावाची शिष्यवृत्ती तिनं १९४२ साली मिळवली, आणि ती मिळवणारी ती पहिली मुलगी. १९५२ साली तिनं फक्त बायकांचा वाद्यवृंदच काढला. जागा रिकामी झाल्यावर बोलावलं, असं आपल्याकडेही किती ठिकाणी झालंय ते तुम्हीच आठवा.

हे सगळं आम्ही बैठकीत वाचलं. पेटीवाली ताई आधी जरा गप्प झाली, मग म्हणाली, "माझ्या पेटीवर सगळ्यांची बोटं बसू देत." नवी पेटी मात्र मंडळाच्या वर्गणीतून घ्यायचं ठरलं. दर एकादशीला अभंग सांगणारी बदलते. पहिली पाळी अर्थातच नऊ वर्षं टाळ धरणारीची. ती दुसऱ्या चरणात थोडी अडखळली, पण सावरली. त्या दिवशी टाळ पेटीवाल्या ताईंच्या हातात होते, आणि त्यांचा ठेका शेवटपर्यंत जमला नाही.