इंग्लंडमधील घरगुती ‘स्ट्राँग एल’ची निर्मिती : यीस्टची जपणूक, गाळण आणि साठवणीचे अर्थकारण

प्रस्तावना :

युरोपीय मद्यनिर्मितीचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग करवसुलीचे व कारखानदारीचे, तर दुसरे विज्ञानाचे. पहिल्यात लंडनचे मोठे ब्रूअर येतात, दुसऱ्यात लुई पाश्चर येतो. या दोन्ही इतिहासांत घरातील चुलीवर मद्य सिद्ध करणारी गृहिणी मात्र पहिल्या प्रकरणानंतर दिसेनाशी होते. हॉप्स आले, कारखाने आले आणि तिचे काम संपले, असे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाची तपासणी ‘स्ट्राँग एल’ या एकाच पेयाच्या आधारे केली आहे. यीस्ट कसे जपले जाई, अर्क कसा गाळला जाई आणि पिंप किती काळ पडून राहू शके, या तीन व्यावहारिक प्रश्नांकडे पाहिले असता घरगुती निर्मितीचा ऱ्हास तंत्राच्या अभावामुळे झाला नाही, हे ध्यानात येते. कमतरता होती ती भांडवल पिंपात अडकवून ठेवण्याच्या ऐपतीची.

एल आणि बिअर :

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल’ म्हणजे मोड आणून वाळवलेले जव (माल्ट), पाणी आणि यीस्ट यांपासून केलेले, हॉप्सविरहित पेय. ते काही दिवसांतच आंबट होई. म्हणून ते वारंवार व थोडथोडे करावे लागे. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. घरापुरते करून उरलेले शेजारी विकले जाई. तेराव्या शतकातील पाव व एल यांच्या दरांविषयीच्या कायद्याने या विक्रीवर नियंत्रण आणले आणि त्या निमित्ताने स्थानिक न्यायसभांच्या दप्तरात दंड भरणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे नोंदली गेली. ज्युडिथ बेनेट यांचा १९९६ मधील ग्रंथ मुख्यतः याच दप्तरांवर उभा आहे.

हॉप्स घातलेली ‘बिअर’ नेदरलँड्सच्या बाजूने आली. हॉप्समधील कडू द्रव्ये आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना रोखतात, त्यामुळे बिअर टिकते आणि दूरवर पाठवता येते. अँड्र्यू बोर्ड या वैद्याने १५४२ मध्ये एल हे इंग्रजांचे स्वाभाविक पेय ठरवून बिअरची गणना डच लोकांच्या पेयांत केली. माल्ट, पाणी व यीस्ट यांखेरीज काहीही घालणे ही त्याच्या मते भेसळच होती. यीस्टसाठी त्याने दिलेल्या पर्यायी नावांत देवाच्या नावावरून आलेलेही एक नाव आहे. पुढे हॉप्स सर्वत्र रूढ झाले आणि ‘एल’ हा शब्द हॉप्सयुक्त पेयालाही लागू झाला. ‘स्ट्राँग एल’चा घरगुती इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

रॅडविंटरची गृहिणी :

या विषयावरील सर्वांत मोलाचे साधन विल्यम हॅरिसन याचे आहे. एसेक्समधील रॅडविंटर येथील या धर्मगुरूने लिहिलेले इंग्लंडचे वर्णन १५७७ मध्ये प्रसिद्ध झाले व १५८७ मध्ये वाढवून पुन्हा छापले गेले. आपली पत्नी व तिच्या दासी महिन्यातून एकदा मद्य कसे करतात, हे त्यात सांगताना ही माहिती पत्नीने आपल्याला अनेकदा दिल्याचे तो नमूद करतो. म्हणजेच पुरुषाच्या लेखणीतून उतरलेली ही स्त्रीची मौखिक साक्ष आहे. त्या वर्णनात तिचे नाव मात्र नाही.

आठ बुशेल माल्ट घरच्या जात्यावर दळले जाई, कारण त्यामुळे गिरणीची दळणावळ वाचे. त्यात अर्धा बुशेल गव्हाचे व तितकेच ओट्सचे पीठ मिसळत. पहिले ८० गॅलन पाणी उकळून माल्टवर हळूच ओतले जाई आणि न ढवळता मुरू दिले जाई. अर्क सोडताना त्याची धार मंदावली, मऊ झाली की माल्ट निथळले असे ती ओळखे. त्याच माल्टवर पुढे दुसरे व तिसरे पाणी घातले जाई आणि अर्क हॉप्ससह उकळला जाई. खर्चाचा हिशेबही हॅरिसनने दिला आहे : माल्ट १० शिलिंग, सरपण ४ शिलिंग, हॉप्स २० पेन्स, मसाला २ पेन्स, नोकरांची मजुरी व खाणे अडीच शिलिंग आणि भांड्यांची झीज २० पेन्स. हे एकूण २० शिलिंग होतात आणि त्यातून सुमारे २०० गॅलन बिअर मिळते. म्हणजे गॅलनला सव्वा पेनीहून किंचित कमी खर्च आला. भांड्यांची झीज हिशेबात धरणाऱ्या या घराला अनाडी म्हणणे कठीण आहे. पत्नीची स्वतःची मजुरी मात्र हिशेबात कोठेही नाही.

या वर्णनातील दोन जागा संशोधकाने थांबून पाहाव्यात अशा आहेत. मसाल्याविषयी लिहिताना हॅरिसन पिंपळीपेक्षा ऑरिसचे मूळ व बेबेरी बरे असे सांगतो आणि त्यासाठी पत्नीचे ‘मत’ व स्वतःची ‘आवड’ अशा दोन वेगळ्या शब्दांचा आधार घेतो. जाणकारी तिची आणि चव त्याची, हा भेद त्याच्याही मनात स्पष्ट असावा. दुसरी जागा मौनाची आहे. पाण्याचे, माल्टचे, हॉप्सचे माप देणारा हा लेखक यीस्टपाशी येताच पुढील काम नेहमीच्या रीतीने होते, एवढेच सांगून थांबतो. जे रोज हातात असते ते कागदावर येत नाही. मराठी पाकपुस्तकांतही विरजण किती लावावे याचे उत्तर बहुधा ‘बेताने’ असेच मिळते.

यीस्टची जपणूक :

विरजणाची ही तुलना केवळ अलंकारिक नाही. एल करणारे यीस्ट किण्वनाच्या वेळी फेसासह वर येते. तो फेस काढून मातीच्या भांड्यात थंड जागी ठेवत आणि पुढच्या खेपेला त्यानेच नवा अर्क आंबवत. पावासाठीही तोच फेस वापरात येई. संपलाच तर शेजारणीकडून आणावा लागे. यीस्ट टिकवण्यासाठी ते काड्यांच्या झाडणीवर वा लाकडी फळीवर थरांनी वाळवण्याची रीत होती. नॉर्वेमध्ये त्यासाठी कोरीव लाकडी कडी असत. यीस्ट घालताना अर्क दुधाइतका कोमट असावा, हा अंदाज बोटाने घेतला जाई. मद्यनिर्मितीत तापमापकाचा पुरस्कार मायकेल कॉम्ब्रून याने केला तो अठराव्या शतकाच्या मध्यानंतर. तोवर गरम पाण्यावरची वाफ विरून त्यात आपला चेहरा दिसू लागला की ते माल्टवर ओतण्याजोगे झाले, असा दंडक होता.

स्ट्राँग एलमध्ये ही जपणूक अधिक अवघड होते. पहिल्या, दाट अर्कात साखर भरपूर असते. तिच्या दाबाने यीस्टची वाढ मंदावते आणि पुढे वाढत्या मद्यार्कामुळे ते दुर्बळ होते. किण्वन अर्धवट राहिल्यास पेय गोडसर राहते व पुढे बिघडते. म्हणून स्ट्राँग एलला यीस्ट अधिक आणि ताजे लागते. हलक्या बिअरवरून काढलेला फेस तिला अधिक मानवतो. एकाच माल्टपासून पहिल्या पाण्याची स्ट्राँग एल व नंतरच्या पाण्याची हलकी बिअर काढण्याच्या पद्धतीत अशा यीस्टचा पुरवठा आपोआप होई. वर आलेले यीस्ट पुनःपुन्हा घुसळून पेयात मिसळण्याचीही रीत होती. १७३० च्या दशकात निघालेल्या ‘द लंडन अँड कंट्री ब्रूअर’ या पुस्तकाने तिला आरोग्यविघातक ठरवून माल्ट वाचवण्यासाठी केलेली ती लबाडी आहे, असा आरोप केला. आरोपात तथ्य असेलही. मात्र मंदावलेले यीस्ट हलवून जागे करणे ही दाट अर्काची खरी गरज होती आणि ती टीकाकाराच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

लेव्हेनहुक याने १६८० मध्ये यीस्टचे कण सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ते सजीव आहेत हे १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान व क्युटझिंग यांनी स्वतंत्रपणे दाखवले. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ चा, तर कार्ल्सबर्ग येथे हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले ते १८८३ मध्ये. या घडामोडी सर्वपरिचित असल्याने येथे अधिक विस्तार केलेला नाही.

गाळण आणि निवळणे :

घरगुती पद्धतीत गाळणी म्हणजे माल्टचा थरच. पिंपाच्या तळाशी, तोटीच्या आतल्या बाजूस गवताची पेंढी किंवा वेताची टोपली बसवत. त्यावर माल्टची टरफले साचत आणि अर्क त्यांतून झिरपे. हॅरिसनची पत्नी माल्ट ढवळत नसे, यामागचे कारण यावरून समजू शकते. थर हलला की पीठ खाली उतरते आणि तोटी तुंबते. हॉप्स गाळण्यासाठी केसांची चाळणी वापरत.

तयार पेयातील यीस्ट मात्र अशा गाळणीने अडत नाही. ते खाली बसवण्यासाठी आयसिंग्लास म्हणजे स्टर्जन माशाच्या वाताशयापासून केलेला चिकट पदार्थ वापरला जाई. त्यावर हम्फ्री जॅक्सनचा निबंध रॉयल सोसायटीने १७७३ मध्ये प्रसिद्ध केला. गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी महाराष्ट्रात निवळीची बी उगाळून घालत. दोन्ही ठिकाणी तरंगते कण एकत्र येऊन तळाशी बसतात. स्ट्राँग एलला बहुधा याचीही गरज पडत नसे, कारण वर्षभर थंड तळघरात पडून ती आपोआप निवळे. लोरेन्झ एन्झिंगरने १८७८ मध्ये यांत्रिक फिल्टर आणला. त्याने पेय तत्काळ स्वच्छ झाले, पण पिंपात मागे राहून पेय पिकवणारे यीस्टही निघून गेले. जुन्या इंग्रजी साठवणीच्या बिअरचा विशिष्ट गंध व स्वाद ब्रेटॅनोमायसीस नावाच्या यीस्टमुळे येतो, हे क्लाउसेन याने कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत शोधून १९०४ मध्ये जाहीर केले. लाकडी पिंपांत पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला असलेला हा सूक्ष्मजीव कोणी मुद्दाम घालत नसे.

साठवण कोणाला परवडे? :

सरदारांच्या घरी मेजावर येणारी बिअर वर्षाची, क्वचित दोन वर्षांची असते आणि ती मार्चमध्ये केलेली असते. साध्या घरची बिअर महिनाभर जुनी असली की पुरे, असे हॅरिसन सांगतो. मूळ भेद येथे आहे. हॉप्स दोन्ही घरांत होते, यीस्ट दोन्ही घरांत होते आणि गाळण्याची रीतही एकच. एका घराला मात्र पिंप वर्षभर न उघडता ठेवणे शक्य होते. मार्कमने १६१५ मध्ये गृहिणीसाठी लिहिलेल्या पुस्तकातही मद्य व माल्ट करणे ही तिची कौशल्ये मानली आहेत. त्यामुळे ‘हॉप्समुळे स्त्रिया बाहेर पडल्या’ हे विधान विक्रीच्या धंद्यापुरते बव्हंशी खरे मानले, तरी घराला ते लागू करता येत नाही. बेनेट यांचाही रोख एकट्या हॉप्सवर नाही. भांडवल, कर्ज व संघटना यांपर्यंत स्त्रियांची पोच नसणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते.

याच साठवणीच्या परंपरेने जमीनदारांच्या घरी वारस जन्मला की स्ट्राँग एल करून तो एकवीस वर्षांचा झाल्यावर पिंप उघडण्याची प्रथा पडली. ऑक्टोबरमध्ये केल्या जाणाऱ्या जमीनदारी ‘ऑक्टोबर बिअर’चे नाते पुढे मुंबई, मद्रास व कलकत्त्याकडे येणाऱ्या हॉजसनच्या फिकट एलशी जुळते. मुद्दाम हिंदुस्थानसाठी शोधलेले पेय ही तिची ख्याती इतिहासाला धरून नाही.

गरिबाच्या चुलीवरचा भार कराने वाढवला. विक्रीच्या बिअरवरील कर घरगुती पेयावर नव्हता; परंतु १६९७ पासून माल्टवर कर बसला आणि तो सर्वांनाच भरावा लागला. दाट अर्काला माल्ट जास्त लागत असल्याने पेय जितके तीव्र, तितका कराचा बोजा अधिक. विल्यम कॉबेटने १८२१-२२ मध्ये मजुरांच्या झोपड्यांतून मद्यनिर्मिती नाहीशी झाल्याचा दोष माल्टवरील कराला आणि चहाला दिला. त्याची भाषा भडक आहे, पण कराविषयीचे निदान योग्य आहे. ग्लॅडस्टनने १८८० मध्ये हा कर माल्टवरून अर्कावर नेला, तेव्हा घरी मद्य करणाऱ्याला परवाना काढावा लागू लागला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला होता. स्वतंत्र अभ्यासाला वाव असलेला हा तौलनिक विषय आहे.

ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात घरच्या भट्टीवरची स्ट्राँग एल १९३९ पर्यंत होत राहिली. दीर्घकाळ टिकलेली ही भट्टी संस्थेची होती, कुटुंबाची नव्हे. इंग्लंडमधील घरगुती परवान्याची अट अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये रद्द केली. तोवर यीस्ट मागण्यासाठी शेजारणीकडे जाण्याची वहिवाट मोडली होती आणि नव्या हौशी ब्रूअरला यीस्ट दुकानातून, पुडीत विकत घ्यावे लागले.