जिन्याएवढा उतार

आमच्या बावधनच्या सोसायटीत लिफ्ट आहे, तरी गेला महिनाभर मी दहा मजले जिन्यानं चढतोय. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. वॉचमन काका रोज तेच हसतात. जानेवारीत बर्फातल्या ट्रेकला जायचं घाटतंय, त्याची ही तयारी. परवा रिकामपणाचा उद्योग म्हणून फोनमधल्या ॲपनं जिन्याचा उतार मोजला. ३२ अंश. आणि चपापलोच.

कारण हिमस्खलनाबद्दल काहीही वाचा, ३० ते ४५ अंश हा आकडा हमखास भेटतो. माणसं गिळणारी बहुतेक हिमस्खलनं याच उतारांवर सुटतात. सह्याद्रीनं आपल्याला नेमकं उलटं शिकवलंय. कोकणकड्यावरून खाली डोकावलं की पोटात गोळा येतो, आणि जिन्याएवढा उतार म्हणजे गप्पा मारत चढायचा. पण कोकणकड्यासारख्या उभ्या भिंतीवर बर्फ फारसा साठतच नाही. तो साठतो आपल्याला चढता येईल अशा उतारावर. खाली जुना कमकुवत थर, त्यावर वाऱ्यानं आणून दाबलेली नव्या बर्फाची लादी, आणि लादीवर आपण. ती सुटते तेव्हा बहुतेक वेळा निमित्त असतं सापडलेल्याचं किंवा त्याच्या सोबत्याचंच वजन!

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. ७ जून १९२२, एव्हरेस्टची नॉर्थ कोल. नुकताच भरपूर बर्फ पडून गेलेला, आता लख्ख ऊन, वारा नाही. मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि १४ हमाल चार दोरांवर चढत होते. सुरुवातीला त्यांनी उतार तपासला होता बरं का, ठीक वाटला. दुपारी दीडच्या सुमारास बर्फ सुटला. पुढचे वाचले. मागच्या दोन दोरांवरचे नऊ जण बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले, त्यातले सात गेले. सातही हमाल, एकही साहेब नाही. मॅलरीनं पत्रांमधून दोष स्वतःकडे घेतला. (सॉमरवेल पुढे त्रावणकोरात नेय्यूरला डॉक्टर म्हणून अनेक वर्षं राहिला.) १९२४ साली शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये या मोहिमेला गिर्यारोहणाचं पदक मिळालं, त्या सात जणांनाही. मरणोत्तर.

शंभर वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२२ला, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा - २ वर असताना हिमस्खलन झालं. २९ जणांचा बळी गेला. शिकायला गेलेली पोरं आणि त्यांना शिकवणारे.

आपल्याकडे बर्फाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो लष्कराच्या गरजेतून. 'सासे' ही डीआरडीओची संस्था १९६९ साली मनालीत निघाली, २०२०मध्ये ती चंदीगडच्या डीजीआरईत विलीन झाली. हिमस्खलनाचे इशारे आता तिथून निघतात. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचीनमधल्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले ते सगळ्यांना आठवत असेल (११ तारखेला तेही गेले). त्याच दहा जणांत शिपाई सुनील सूर्यवंशी होते, साताऱ्याच्या माण तालुक्यातले. माण म्हणजे पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसणारा मुलूख. तिथला मुलगा साडेएकोणीस हजार फुटांवर बर्फाखाली गेला. थांबायचं की परत फिरायचं, हे त्यांच्या हातात नव्हतं.

आमच्या हातात होतं. काही वर्षांपूर्वी असाच हिवाळी ट्रेक होता. रात्रभर बर्फ पडला, सकाळी इतकं सुंदर ऊन की विचारू नका. गाईड म्हणाला, आज नाही, उद्याही बहुतेक नाही. नवा बर्फ पडल्यावरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक? आम्ही भांडलो. रजा संपत होती, पैसे भरलेले होते, आणि समोरचा उतार तर... जिन्याएवढाच होता! तो ढिम्म हलला नाही. दोन दिवस तंबूत पत्ते कुटले आणि परतलो. निघताना चौघांनी मिळून त्याची टिप कापली.

त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे. परवा जिना मोजून झाल्यावर लावला. जानेवारीची तारीख सांगितली तर म्हणाला, आत्ताच काय सांगू साहेब, आधी बर्फ पडू दे.