‘दाह’ ही संज्ञा आणि अर्धशिशीची आनुवंशिकता

सुश्रुतसंहितेतील ‘अर्धावभेदक’, ग्रीक वैद्य गेलेन याची ‘हेमिक्रेनिया’, त्यापासून फ्रेंचमध्ये सिद्ध झालेला ‘मिग्रेन’ आणि मराठीतील ‘अर्धशिशी’ ही सर्व नावे वेदनेचे स्थान सांगतात. कारणाविषयी ती मौन पाळतात. कारण सुचविणारी संज्ञा या रोगाला विसाव्या शतकात जोडली गेली, आणि तिच्याबरोबर एक घोटाळाही आला. त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८७३ मध्ये इंग्लंडमधील एडवर्ड लिव्हिंग याने ही व्याधी म्हणजे मज्जासंस्थेतील वादळ होय, असे प्रतिपादिले. १९३८ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम व वुल्फ यांनी एर्गोटामिन दिले असता कानशिलावरील धमनीचे स्पंदन आणि वेदना ही बरोबरच ओसरतात, असे दाखविले. त्यामुळे रक्तवाहिनीकडे लक्ष वळले. १९७९ पासून मॉस्कोविट्झ याने या दोन्ही मतांची सांगड घातली. चेहरा व मस्तक यांच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून काही द्रव्ये स्रवतात, मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या विस्फारतात व त्यांतून रक्तद्रव झिरपतो, अशी ही उपपत्ती. या प्रक्रियेला ‘मज्जाजन्य दाह’ असे नाव पडले.

‘दाह’ म्हटले की रोगप्रतिकारक पेशींचा जंतूंशी संघर्ष डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र आरंभ मज्जातंतू करतो. शब्द एक, व्यापार दोन. तथापि अर्धशिशीचे मूळ प्रतिकारसंस्थेत असावे या तर्काला त्या शब्दानेही बळ दिले. सहाव्या गुणसूत्रावरील ऊतिसाम्य ठरविणारा जनुकसमूह आणि त्यातील ‘टीएनएफ’ हे जनुक यांची तपासणी झाली. परंतु लहान रुग्णगटांवरील या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले.

पुढे रुग्णांची संख्या वाढली आणि एखादे जनुक आधी न निवडता सर्व गुणसूत्रे धुंडाळली जाऊ लागली. २०१६ मध्ये ३८ जनुकस्थाने निश्चित झाली. त्यांचा कल प्रामुख्याने रक्तवाहिन्यांकडे होता. २०२२ मध्ये १,०२,०८४ रुग्णांच्या अभ्यासातून ही संख्या १२३ झाली व रक्तवाहिन्यांबरोबर मज्जासंस्थेचाही वाटा स्पष्ट झाला. सांधे झिजविणाऱ्या आमवातात ऊतिसाम्याचा जनुकसमूह इतर सर्व स्थानांहून ठळकपणे पुढे येतो. अर्धशिशीत तसे घडले नाही. प्रतिकारसंस्थेचा काही वाटा असणे यामुळे अशक्य ठरत नाही. तिला मूळ कारण मानण्यास मात्र आधार उरत नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले एरेनुमॅब हे औषध प्रतिपिंड आहे, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्याच साधनांपैकी एक. परंतु ते ज्या ग्राहकाला अडविते तो ‘सीजीआरपी’ या मज्जातंतूतून स्रवणाऱ्या द्रव्याचा होय. औषधाच्या जातीवरून रोगाची जात ठरविणे म्हणजे ‘दाह’ शब्दाने घडविलेली चूक पुन्हा करणे होय. संज्ञा प्रश्न विचारावयास उपयोगी पडते. उत्तर मात्र पुराव्याकडूनच घ्यावे लागते.