मुंबई ते महाड : एका दिवसात उरकू नये असा प्रवास

राजधानी मुंबईच्या धकाधकीतून महाडला जाणारे आपले बहुतेक बांधव २० मार्चला किंवा २५ डिसेंबरला जातात. रात्री बस भरायची, सकाळी चवदार तळ्यावर अभिवादन करायचे, दुपारी जेवण आणि लगेच परत. गर्दीतला तो दिवस हवाच. पण आमचे सांगणे असे, की वर्षातून एकदा साध्या दिवशीही महाडला जावे आणि निदान एक रात्र मुक्काम करावा. गर्दी नसलेले महाड संथ, नदीकाठचे गाव आहे. इथला लढा कुठून कुठे गेला हे तेव्हाच पायाखाली कळते.

कसे जाल

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल, पेण, कोलाड, माणगाव करत एसटी महाडला पोहोचते. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वेचे वीर स्थानक सोयीचे. तिथून पुढे रस्त्याने. वाटेत लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते.

दासगाव

महाडच्या अलीकडे महामार्गावरच दासगाव आहे. इथे थांबाच. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब रस्त्याने आले नाहीत. धरमतरमार्गे गेल्यास मोटारमालक बहिष्कार टाकतील, ही शंका होती. म्हणून २४ डिसेंबरला प्रतिनिधींसह ते 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. तिथून महाडपर्यंतचे सुमारे पाच मैल सत्याग्रही पायी चालत गेले. आज ज्या प्रवासाला आपण फक्त तिकीट काढतो, तो प्रवासही तेव्हा लढ्याचाच भाग होता. जमल्यास दासगाव ते महाड हे अंतर एकदा चालून पाहावे. महामार्गावर वाहने वेगात असतात, म्हणून सकाळी लवकर आणि गटाने चालावे.

गांधारपाले लेणी

महाडच्या उत्तरेला, महामार्गालगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून गेले की चैत्य, विहार आणि भिक्खूंच्या खोल्या दिसतात. एका शिलालेखात विष्णुपालित या राजपुत्राच्या दानाचा उल्लेख आहे. वरून सावित्री आणि गांधारी नद्यांचे खोरे दिसते. सावित्रीच्या खाडीतून माल आत येई आणि घाटाने वर जाई. त्याच वाटेवर भिक्खूसंघ वसला. महाडच्या आग्नेयेला कोल येथेही लेणी आहेत. १९२७ च्या कितीतरी शतके आधी या भूमीत धम्म होता, हे मुलांना इथे उभे राहून सांगता येते.

चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ

सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हते. महाडजवळच्या लाडवलीचे रा. बा. मोरे व सहकाऱ्यांच्या खटपटीतून १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेसाठी पाणी ४० रुपयांना विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले.

डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. म्हणजे पाणी पिण्यापासून निकालापर्यंत तब्बल दहा वर्षे. तळे, क्रांतिस्तंभ आणि राष्ट्रीय स्मारक ही ठिकाणे घाई न करता पाहायला अर्धा दिवस ठेवा.

पोलादपूर

महाडहून दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर पोलादपूर. इथून एक वाट आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरकडे चढते, दुसरी कशेडीमार्गे खेडकडे जाते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून याच तालुक्यातून खाली येते. मोठी प्रेक्षणीय स्थळे नसतील, पण डोंगर, भातशेती आणि शांतता भरपूर आहे. वाड्यावस्त्यांतल्या बौद्धवाड्यांत गेलात तर कॅमेरा आधी काढू नका. बसा, बोला, विहार पाहा. गावातील बहुतेक तरुण मुंबईला असतात, घरी ज्येष्ठ असतात. आजी-आजोबांकडे परिषदांच्या, धर्मांतराच्या, मुंबईतल्या चाळींच्या आठवणी असू शकतात. परवानगी घेऊन त्या लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवा.

जाण्यापूर्वी

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.
- जुलै-ऑगस्टमध्ये सावित्री-गांधारीचे पाणी शहरात शिरते. जुलै २०२१ चा महापूर आणि तळीये येथील दरड विसरू नये. हवामानाचा इशारा पाहूनच निघा.
- दोन दिवस असतील तर पहिला दासगाव, लेणी आणि तळ्यासाठी, दुसरा पोलादपूरसाठी ठेवा.
- आणखी एक दिवस असेल तर मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी जाता येते.
- तळ्याकाठी, लेण्यांत प्लास्टिक टाकू नका, भिंतींवर नावे लिहू नका.

चवदार तळ्याच्या संग्रामाची शताब्दी २०२७ ची. शताब्दीला लाखो पावले महाडकडे वळणारच. त्यात आपल्या मंडळाचे, वाचनालयाचे दहा-बारा तरुण असे असावेत, ज्यांना दासगावची वाट ठाऊक आहे आणि नव्या माणसाला ती दाखवता येते. जय भीम!