कंपवात आणि कंठ : एका उपेक्षित लक्षणाचा इतिहास

एखाद्या रोगास मिळालेले नाव त्याच्या निरीक्षणास दिशा देते. परंतु पुष्कळदा तीच दिशा निरीक्षणाची मर्यादाही ठरते. पार्किन्सनच्या विकाराचा इतिहास या विधानाचे उत्तम उदाहरण होय. हा विकार हातापायांइतकाच कंठासही ग्रासतो. घास गिळण्याची क्रिया मंदावते, आणि घास कोठे अडकला आहे हे जाणण्याची शक्तीही क्षीण होते. यांपैकी पहिल्या गोष्टीची नोंद दोनशे वर्षांपूर्वी झाली. दुसरीकडे लक्ष जावयास मात्र विसावे शतक सरत यावे लागले. हा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

या विचारास परभणी जिल्ह्याची पार्श्वभूमी उपयुक्त ठरते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. संस्थानात युनानी वैद्यकास राजाश्रय होता, राज्यकारभार उर्दूतून चाले, आणि जनसामान्यांची भाषा मराठी होती. त्यामुळे या प्रदेशात आयुर्वेद, युनानी व पाश्चात्त्य अशा तीन वैद्यकपरंपरांची परिभाषा एकत्र नांदली. वैद्याचा ‘कंपवात’, हकिमाचा ‘रअशा’ आणि इंग्रजी ग्रंथांतील ‘कंपयुक्त पक्षाघात’ या अर्थाचे नाव, ही तिन्ही नावे थरथरीवरूनच पडलेली आहेत. तीन स्वतंत्र परंपरांनी एकाच लक्षणास अग्रस्थान द्यावे, यात आश्चर्य नाही. थरथरणारा हात दारातून आत येणाऱ्यासही दिसतो. कंठातील व्यापार कोणासच दिसत नाही.

तथापि प्राचीन ग्रंथकारांनी कंठाचा विचारच केला नाही, असे म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांची जी गणना आहे, तीत ‘वेपथु’ म्हणजे कंप आणि ‘कंठोद्ध्वंस’ ही दोन्ही नावे आढळतात. परंतु ती स्वतंत्र विकार म्हणून, एकाच व्याधीची दोन अंगे म्हणून नव्हे. वाग्भटाने अष्टांगहृदयात प्राणवायूची कर्मे सांगताना निःश्वास आणि अन्नप्रवेश यांचा उल्लेख एकत्र केला आहे. श्वास व अन्न यांचा मार्ग घशात काही अंतरापर्यंत एकच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गीकरणाची मार्मिकता पटते. मात्र त्यावरून प्राचीनांस आजचे तंत्रिकाविज्ञान अवगत होते असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रोग्यांच्या आधारे. त्यांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. तरीही त्या निबंधात तोंडातून गळणारी लाळ, घास तोंडात फिरविण्यास होणारा त्रास आणि गिळण्याची अडचण यांचे स्पष्ट वर्णन आहे. म्हणजे लक्षण दृष्टीस पडले होते. परंतु रोगाची व्याख्या करताना पार्किन्सन यांनी संवेदना व बुद्धी अबाधित राहतात असे प्रतिपादिले. व्याख्येतील हे एक विधान पुढील शतकाच्या विचारावर छाया टाकून राहिले. विकार केवळ हालचालींचा आहे असे एकदा ठरल्यावर गिळण्यातील दोषही स्नायूंच्या मंदपणाचाच मानला गेला. लाळ गळते ती अधिक सुटते म्हणून, असा समज दीर्घकाळ राहिला; वस्तुतः ती वेळच्या वेळी गिळली जात नाही म्हणून साचते.

पॅरिसचे शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या नावावर आक्षेप घेतला. प्रत्येक रोग्यास कंप असतोच असे नाही आणि खरा पक्षाघातही नसतो, हे दाखवून त्यांनी रोगास पार्किन्सन यांचे नाव द्यावे असे सुचविले. नाव बदलले, पण दृष्टी हातावरून फारशी ढळली नाही. १९१२ साली फ्रेडरिक लेव्ही या जर्मन संशोधकाने या रोग्यांच्या मेंदूतील पेशींत विशिष्ट गोलक असल्याचे वर्णिले. ज्या स्थानी ते आढळले, त्यांत व्हेगस अथवा प्राणेशा तंत्रिकेचे केंद्र होते. आणि कंठाच्या संवेदना व हालचाली यांच्याशी याच तंत्रिकेचा निकटचा संबंध आहे. १९१९ साली त्रेत्याकॉफ यांनी मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्याकडे लक्ष वेधले. हालचालींच्या मंदपणाचे स्पष्टीकरण तेथे मिळाल्यामुळे प्राणेशेचे केंद्र मागे पडले. २००३ साली ब्राक व त्यांचे सहकारी यांनी रोगाच्या प्रसाराचे टप्पे मांडले, तेव्हा ते पुन्हा पुढे आले. अनेक रोग्यांत हे गोलक कृष्णद्रव्याच्या आधी तेथे दिसतात, असे त्यांचे मत आहे.

मधल्या काळातील औषधशोधानेही हाच पूर्वग्रह दृढ केला. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा केला. १९६० साली रोग्यांच्या मेंदूतील डोपामिनची उणीव सिद्ध झाली, आणि १९६७ साली अमेरिकेत कॉट्झियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रांचा गुणकारी परिणाम दाखविला. मुंबईतील अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली खाजकुयलीच्या उपचारांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हात सैल झाले, पावले उचलू लागली, ही उपलब्धी मोठीच होती. परंतु गिळण्याच्या दोषावर लेव्होडोपाचा तसा निश्चित परिणाम दिसत नाही, असा २००९ सालच्या एका संकलित अभ्यासाचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ असा की, कंठातील बिघाड सर्वस्वी डोपामिनच्या अभावाने झालेला नसावा.

कंठाच्या आत डोकावण्याची साधने १९८० नंतर रुळली. क्ष-किरणांच्या चलच्चित्रात बेरियमयुक्त घासाचा प्रवास दिसू लागला. १९८८ साली नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून गिळणे पाहण्याची पद्धती वर्णिली गेली. त्यातून जी विसंगती उघड झाली ती उद्बोधक आहे. २०१२ सालच्या एका संकलित अभ्यासानुसार, विचारले असता सुमारे ३५ टक्के रोगी गिळण्याची तक्रार सांगतात. उपकरणांनी तपासले असता सुमारे ८२ टक्के रोग्यांत दोष आढळतो. ही तफावत केवळ संकोचाची नव्हे. २०१३ साली मू व त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर तपासणीत घशाच्या संवेदनवाही तंत्रिकांतच रोगाची विशिष्ट प्रथिने दाखविली. ज्यांस गिळण्याचा त्रास होता त्यांच्यात ती अधिक होती. ज्या तंत्रिकेने तक्रार कळवावयाची, तीच रोगग्रस्त झालेली असते. निरोगी मनुष्यास पाण्याचा थेंब श्वासमार्गात गेला तरी ठसका लागतो. या रोग्यास तो कित्येकदा लागत नाही. अन्नाचा अंश निःशब्दपणे फुफ्फुसात उतरतो. न्यूमोनिया हे या रोग्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, ते यामुळेच.

या इतिहासाचा परभणीसारख्या जिल्ह्याशी संबंध केवळ परिभाषेपुरता नाही. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले. त्यापूर्वी विशेष तपासणीसाठी औरंगाबाद, नांदेड वा हैदराबादची वाट धरावी लागे. अशा स्थितीत वृद्धाचे गिळणे पारखले जाते ते जेवणाच्या ताटावरच. ज्वारीची भाकरी हे येथील मुख्य अन्न. दात नसलेल्या वृद्धास ती पातळ वरणात किंवा ताकात कुस्करून देण्याची रीत प्रेमाची आहे. परंतु पातळ द्रव व घट्ट तुकडे यांचे मिश्रण दुर्बल कंठास आवरण्यास विशेष कठीण असते, कारण द्रव पुढे धावतो आणि तुकडे मागे राहतात. त्या मानाने एकजीव, घट्टसर आंबील सांभाळणे पुष्कळांस सोपे जाते. मात्र प्रत्येक रोग्याचा दोष निराळा असल्याने परीक्षेवाचून कोणताही नियम सरसकट लावता येत नाही.

यावरून रोगवृत्त घेण्याच्या रीतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. “घास अडकतो काय?” हा प्रश्न ज्याची जाणीवच मंदावली आहे त्यास विचारून त्याच्या नकारावर विसंबणे अशास्त्रीय आहे. जेवणास पूर्वीपेक्षा किती वेळ लागतो, जेवणानंतर आवाज ओलसर होतो काय, वजन घटले आहे काय, छातीत कफ होऊन ताप वारंवार येतो काय, हे प्रश्न घरच्या माणसांस विचारावयास हवेत. पार्किन्सन यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या रोग्यास डोळ्यांनी पाहून रोग ओळखला, ही त्यांची थोरवी. परंतु रोग्याच्या शेजारी बसून त्यास जेवताना पाहिल्याखेरीज या रोगाचे ज्ञान पूर्ण होत नाही.