शिकलगारी ते तंतुवाद्यनिर्मिती : मिरजेतील कार्यशिक्षणाचा एक अध्याय

कामाच्या ठिकाणी घडणारे शिक्षण हा व्यवस्थापनशास्त्राचा अलीकडचा विषय समजला जातो. जीन लेव्ह व एत्येन वेंगर यांनी 1991 मध्ये असे प्रतिपादन केले की, नवशिका कार्यसमुदायात आधी कडेची कामे करतो व हळूहळू गाभ्याकडे सरकतो. लेव्ह यांच्या अभ्यासातील लायबेरियाचा उमेदवार शिंपी प्रथम गुंड्या लावतो व काठ शिवतो. कापडाला कात्री लावण्याचे काम त्याला अखेरीस मिळते. मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीत असाच क्रम या मांडणीच्या बऱ्याच आधीपासून चालत आला आहे. पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आले व 1960 मध्ये त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले.

मिरजेचे वाद्यकारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि शस्त्रांची मागणी ओसरत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी सतार व तंबोरा घडविण्याकडे मोर्चा वळविला, असे परंपरा सांगते. हा बदल कोणा अधिकाऱ्याने आखलेला नव्हता. संस्थानिकांच्या आश्रयाने गावात गाणे होते, म्हणून वाद्यांना गिऱ्हाईक होते. आणि धातू घासून पृष्ठभाग नेमका करणारा हात कारागिरांपाशी आधीच होता. धंदा बदलला, हात बदलला नाही. पुढे या घराण्यांतील अनेकांनी 'सतारमेकर' हे आडनावच लावले.

हात म्हणजे काय, ते जवारीवरून कळते. पंढरपूर-मंगळवेढा भागातील मोठे भोपळे वाळवून कापणे, तुनाच्या लाकडाची दांडी व तबली बसविणे, खुंट्या घडविणे, नक्षी व पॉलिश ही कामे पाहून आणि हाताखाली राबून येतात. जवारी मात्र अनुभवी कारागिराकडेच राहते. घोडीचा माथा कानशीने इतका सूक्ष्म उतरता करावयाचा की कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्शत राहावी व स्वर भरदार व्हावा. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो स्वर आणखी नेमका करतात. याचे मोजमाप पुस्तकात मिळत नाही. पुरेसे झाले की नाही, हे कान ठरवितो.

आणि तो कान केवळ कारागिराचा नसतो. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) तंबोऱ्याच्या स्वराविषयी अत्यंत काटेकोर होते व वाद्यदुरुस्तीचे त्यांना स्वतःला ज्ञान होते. असा गवय्या गिऱ्हाईक असतो तसाच परीक्षकही असतो. कार्यसमुदायाच्या चर्चेत गुरू आणि उमेदवार यांच्याकडेच बहुधा लक्ष जाते. मिरजेचा समुदाय गायकावाचून अपुरा ठरतो. येथील प्रवेश मुख्यतः जन्माने मिळे, हीही त्या सिद्धान्तात सहज न बसणारी बाब आहे.

सामग्रीतील बदल या समुदायाने पचविले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे हस्तिदंत वापरातून गेला, त्याच्या जागी कृत्रिम पदार्थ आले. शिकण्याचा क्रम ढळला नाही. 1979 मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने आणि नंतर भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याने आणलेले संकट वेगळ्या जातीचे आहे. ज्या विद्यार्थ्याचा रियाज कळ दाबून सुरू होतो, तो जवारी बिघडल्याची तक्रार घेऊन कारागिराच्या दारी येत नाही. मागणी घटते हे दिसते; परीक्षक घटतो हे चटकन दिसत नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे बाहेरच्या मालावर मिरजेचे नाव लावण्यास कायद्याने अटकाव झाला. घोडीवर कानस चालविताना केव्हा थांबावे, हे मात्र अजूनही शेजारी बसूनच शिकावे लागते.